जावयांना टर्की तळायची आहे

पत्र मध्य न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे आहे, आणि ते थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबर अखेरच्या अमेरिकी सणाविषयी आहे; त्या दिवशी टर्की हा मोठा पक्षी अख्खा शिजवून जेवायला वाढतात. त्या लिहितात:

"मागच्या वर्षी लेकीचे लग्न झाले. जावई लुईझियानाचे आहेत. यंदा थँक्सगिव्हिंगला आमच्या घरी येऊन स्वतःच्या हाताने टर्की तळावी आणि सर्वांना खाऊ घालावी, अशी त्यांची फार इच्छा आहे. भांडे, बर्नर, गॅसची टाकी सगळे ते घेऊन येणार आहेत. मी १६ पौंडांची गोठवलेली टर्की आधीच आणून ठेवली आहे. जेवायला १८ माणसे आहेत, त्यांत चौघे शाकाहारी आणि दोन लहान मुले. घरामागे लाकडी डेक आहे, त्याखाली उताराची हिरवळ, आणि पुढे गॅरेज व ड्राइव्हवे. पाऊस आलाच तर गॅरेजचे दार उघडे ठेवून तळू, असे जावई म्हणतात. दर दिवाळीला मी चकल्या-अनारसे तळते, तळणाची मला भीती नाही. पण चार-पाच गॅलन तेल आणि त्याखाली उघडा जाळ, हे मला झेपत नाही. आमचे हे म्हणतात, जावयाचा पहिलाच सण आहे, नाही म्हणू नकोस. दहा दिवस उरले आहेत. मी काय करावे?"

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमची भीती रास्त आहे आणि जावयांची हौसही रास्त आहे, त्यामुळे दोघांपैकी एकाला गप्प बसवणारे उत्तर मी देणार नाही. माझे मत आधीच सांगते. जावयांना टर्की जरूर तळू द्यावी. मात्र तुम्ही आणून ठेवलेली ही १६ पौंडांची टर्की तळू नये, गॅरेजमध्ये तळू नये, डेकवर तळू नये आणि पाऊस असेल तर त्या दिवशी तळूच नये. या चार गोष्टी त्यांना मान्य असतील तर पुढचे सगळे जमण्यासारखे आहे. यांतली एकही अमान्य असेल तर मात्र जावई असोत की आणखी कोणी, स्पष्ट नकार द्यावा, आणि त्यात संकोच वाटून घेऊ नये.

अमेरिकेतली अग्निसुरक्षेचे नियम लिहिणारी संस्था, एनएफपीए, याहून कडक भूमिका घेते, हेही तुम्हाला ठाऊक असावे. गॅसच्या बर्नरवर भरपूर तेल तापवून त्यात अख्खी टर्की बुडवणारे फ्रायर घरी वापरूच नयेत, असे ती सांगते. वर्षभरात स्वयंपाकामुळे घरांना सर्वाधिक आगी लागतात त्या थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी, हेही तिच्याच नोंदींवरून दिसते. त्यामुळे शेवटी तुमचे मन तयार झाले नाही, तर तुमचा नकार भित्रेपणाचा ठरत नाही. तेलाविना टर्की भाजणारे फ्रायर मिळतात, आपोआप तापमान राखणारे विजेचे फ्रायर मिळतात, आणि काही दुकाने व उपाहारगृहे तळलेली टर्की मागणीप्रमाणे तयार करून देतात. पण जावयांनी लहानपणापासून जे पाहिले आहे ते सासरच्या माणसांना करून दाखवण्याची त्यांची इच्छा मला फार आपलेपणाची वाटते, म्हणून ती नीट कशी पार पडेल हेच मी पुढे लिहिते.

अख्खी टर्की तळणे ही मुळात लुईझियानातल्या कॅजन लोकांची रीत. ज्या मोठ्या पातेल्यांत आणि ज्या जाळावर ते अंगणात क्रॉफिश (गोड्या पाण्यातले कोळंबीसारखे प्राणी) उकडतात, त्यावरच टर्कीही तळली जाते, आणि गेल्या तीसेक वर्षांत ही पद्धत सगळ्या अमेरिकेत पसरली. चव खरोखर वेगळी असते: कातडी पापडासारखी कुरकुरीत होते, आत मांस ओलसर राहते, आणि ओव्हनमध्ये ज्याला तीन तास लागतात ते पाऊण तासाच्या आत होते. तेव्हा जावयांच्या हट्टामागे कारण आहे. फरक आहे तो जागेचा आणि हवेचा. मोकळ्या सपाट अंगणात वाढलेल्या माणसाला लाकडी डेक आणि गॅरेज यांच्यामधल्या जागेचा धोका चटकन लक्षात येत नाही, आणि नोव्हेंबर अखेरीस न्यू जर्सीत किती थंडी, वारा आणि पालापाचोळा असतो, हे त्यांच्यापेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक आहे.

तुम्ही तळणात मुरलेल्या आहात, म्हणून धोक्याचे मूळ तुमच्याच स्वयंपाकघरातून सांगते. ओला झारा तेलात गेला की काय होते, ते तुम्ही शेकडो वेळा पाहिले असेल. तेल तडतडते, दोन थेंब हातावर उडतात, आपण हात मागे घेतो आणि पुढचा घाणा सोडतो. पाणी तेलाहून जड असल्यामुळे ते तळाशी जाते; तेथे तेल ३५० अंश फॅरनहाइटला, म्हणजे पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या कितीतरी वर तापलेले असते; पाण्याची क्षणात वाफ होते, आणि ती वाफ मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा मागते. झाऱ्यावरच्या दोन थेंबांच्या बाबतीत ही गंमत असते. पण टर्कीच्या पोकळीत राहून गेलेल्या एक कप पाण्याची किंवा बर्फाची वाफ सुमारे चारशे लिटर होते, आणि ती सगळी तळातून वर येताना आपल्या डोक्यावरचे तेल घेऊन येते. तेल फेसाळून पातेल्याच्या काठावरून बाहेर पडते, बाहेरच्या अंगाने ओघळत बर्नरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते, आणि मग जाळ त्याच ओघळावरून वर चढून पातेल्याला वेढतो. या दुर्घटनांचे जे चित्रण दरवर्षी दाखवले जाते, त्यातली बहुतेक आग अशीच लागलेली असते.

मी हे एकदा जवळून पाहिले आहे. एका परिचितांच्या ड्राइव्हवेवर आम्ही आठ-दहा जण उभे होतो. टर्की बाहेरून मऊ झाली होती, मांडीत बोट रुतत होते, म्हणून सर्वांनी ती वितळली असे धरले. पण छातीच्या हाडामागे, काळीज-मान भरलेल्या कागदी पिशवीच्या भोवती, मुठीएवढा बर्फ तसाच होता आणि ती पिशवी कोणी काढलीच नव्हती. टर्की अर्धी तेलात गेली आणि एकाएकी खर्जात घुमल्यासारखा आवाज झाला. ज्यांच्या हातात हूक होता त्यांनी तो सोडून मागे उडी मारली, तेल काठावरून आले आणि पातेल्याच्या खालच्या अर्ध्या भागाने पेट घेतला. सुदैवाने गॅसची टाकी दूर होती आणि यजमानांच्या भावाने टाकीचा कॉक लगेच फिरवला, म्हणून कोणाला काही झाले नाही. त्या डांबरी ड्राइव्हवेवर परातीएवढा काळा डाग मात्र पुढे कित्येक वर्षे होता. तेव्हापासून कोणी मला टर्की तळण्याविषयी विचारले की मी तेलाविषयी बोलण्याआधी बर्फाविषयी बोलते.

आता तुमच्या फ्रीझरमधल्या टर्कीकडे येऊ. १६ पौंडांचा पक्षी घरगुती पातेल्यात तेलासकट सहसा सुरक्षितपणे मावत नाही, आणि तो मध्यापर्यंत शिजेपर्यंत बाहेरून करपतो. तळण्यासाठी ८ ते १० पौंडांची टर्की उत्तम, १२ पौंडांहून मोठी घेऊ नये. म्हणून तुमची टर्की ओव्हनमध्ये भाजा आणि तळण्यासाठी दहा पौंडांची वेगळी आणा. शाकाहारी चौघे वगळले तर चौदा जणांना दोन टर्की जास्तच होतील, पण दुसऱ्या दिवशी ते मांस कोणी टाकून देत नाही. शिवाय यात एक मोठी सोय आहे. हवामान बिघडले किंवा ऐन वेळी कोणाच्या मनात शंका आली, तर जेवण अडत नाही. आणि जेवण अडत नसले की "आता पाहुणे आलेच आहेत, तळून टाकू" असा धोकादायक दबाव कोणावर येत नाही. दहा पौंडांची टर्की पोकळीत काही न भरता ३२५ अंशांवर पावणेतीन ते तीन तासांत ओव्हनमध्येही भाजून होते, हे जावयांना आधीच सांगून ठेवा.

गोठवलेली टर्की वितळायला फ्रिजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो. सण गुरुवारी, म्हणून १६ पौंडांची शनिवारीच फ्रीझरमधून फ्रिजमध्ये आणावी आणि तळण्याची दहा पौंडांची रविवारी सकाळी आणावी. दोन्हींखाली कडा असलेले ताट ठेवून सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे सुटलेले पाणी भाजीवर किंवा शाकाहारी मंडळींसाठी केलेल्या पदार्थांवर ठिबकणार नाही. काउंटरवर रात्रभर ठेवून वितळवणे मात्र टाळा; बाहेरचा थर तापून जंतू वाढतात आणि आत बर्फ राहतोच, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान. गोठवलेलीऐवजी ताजी टर्की मिळाली तर या एका प्रकरणासाठी मी चार पैसे जास्त देऊन तीच घेईन.

बुधवारी सकाळी, वेष्टन न काढताच, एक काम जावयांकडून किंवा तुमच्या यजमानांकडून करून घ्या, कारण सगळ्यात उपयोगी मोजमाप हेच आहे. रिकाम्या पातेल्यात वेष्टनासकट टर्की ठेवावी आणि ती अर्धा-एक इंच बुडेल इतके पाणी ओतावे. मग टर्की बाहेर काढावी आणि पाणी जेथे उतरले त्या पातळीवर आतून खूण करावी. दुसऱ्या दिवशी तेल त्या खुणेपर्यंतच ओतायचे, अदमासाने नाही. टर्की पाण्यात असताना पाण्याची पातळी आणि पातेल्याचा काठ यांत चार-पाच इंच अंतर राहत नसेल, तर पातेले लहान आहे किंवा टर्की मोठी आहे, आणि दोन्ही बाबतींत त्या जोडीने तळायचे नाही. वेष्टन तसेच ठेवल्यामुळे टर्की आतून ओली होत नाही, एवढ्यासाठी हा क्रम. नंतर पातेले साबणाने धुऊन, पुसून, उपडे ठेवून पूर्ण कोरडे करा. तळाच्या सांध्यात राहिलेले पाणीही तेलाखाली तोच खेळ करते.

मग वेष्टन काढावे आणि आत हात घालून पाहावे. मान एका बाजूच्या पोकळीत आणि काळजाची पिशवी बहुधा दुसऱ्या बाजूच्या पोकळीत असते, दोन्ही काढा. पाय बांधणारी प्लास्टिकची किंवा तारेची पकड आणि छातीत रोवलेली प्लास्टिकची बारीक "शिजली" दाखवणारी खुंटीही काढून टाका. बोटे हाडामागे नेऊन चाचपा. कोठेही टणक, गार खडा लागला तर तो बर्फ आहे. आणि येथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे, कारण ती आपल्या हाताची सवय आहे. आपण कोंबडी आणली की नळाखाली धरून दोन-तीन पाण्यांनी धुतो आणि मग हळद-मीठ लावतो. टर्की धुऊ नका. अमेरिकेचे कृषी खाते कच्चा पक्षी धुऊच नये असे सांगते, कारण शिंतोड्यांबरोबर साल्मोनेलासारखे जंतू सिंकमध्ये आणि आसपासच्या भांड्यांवर पसरतात. तळायच्या टर्कीच्या बाबतीत तर धुणे म्हणजे मुद्दाम आत पाणी भरणे. त्याऐवजी कागदी टॉवेलने आतून-बाहेरून टिपा, पंखांच्या आणि मांड्यांच्या सांध्यांत टॉवेल दाबून धरा, पोकळीत टॉवेलचा बोळा घालून काही मिनिटांनी काढा. शेवटचा टॉवेल कोरडा बाहेर येईपर्यंत हे करत राहा. मग ताटात जाळी ठेवून त्यावर टर्की उघडीच बुधवारची रात्र फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजची कोरडी हवा कातडीतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे तेल कमी उडते आणि कातडी अधिक कुरकुरीत होते.

मसाल्याविषयी तुम्ही विचारले नाही, पण मोह होईल म्हणून लिहिते. दही, आले-लसणाचे वाटण, लिंबाचा रस यांपैकी काहीही बाहेरून लावू नका. तंदुरीला जे शोभते ते येथे तेलात सुटून करपते आणि ओलावाही आणते. गोडा मसालाही नको. त्यातले खोबरे आणि तीळ एवढा वेळ तापत्या तेलात जळतात आणि सगळ्या तेलाला कडवट वास लावतात. मीठ, मिरपूड, लाल तिखट आणि लसणाची पूड यांचे कोरडे मिश्रण पुरेसे आहे, किंवा जावयांचे स्वतःचे कॅजन मिश्रण असेल तर तेच लावू द्या. सुईने मांसात पातळ मसाला टोचण्याची लुईझियानात पद्धत आहे, ती पहिल्या वर्षी बाजूला ठेवावी असे माझे मत आहे. आणि पोकळीत काहीही भरायचे नाही.

जागेच्या बाबतीत मी तडजोड करणार नाही. गॅरेजचे दार उघडे असले तरी गॅरेज हे छत असलेले बंदिस्त ठिकाणच आहे. तेथे गाड्या असतात, रंगाचे डबे असतात, गवत कापण्याच्या यंत्राचे पेट्रोल असते, आणि वरच्या मजल्यावर बहुधा कोणाची तरी खोली असते. लाकडी डेकवर सांडलेले तेल फळ्यांच्या फटींतून खाली जाते आणि आग लागली तर ती घराला चिकटूनच लागते. उताराची हिरवळ नको, कारण तिपाई किंचित कलली तरी तेलाची पातळी एका बाजूला चढते. तुमच्या वर्णनावरून ड्राइव्हवेचा रस्त्याकडचा सपाट भाग मला सर्वांत योग्य वाटतो. घराच्या भिंतीपासून किमान दहा फूट, झाडाखाली नाही, वरून तारा जात नाहीत ना ते पाहून, आणि भोवतालची वाळलेली पाने झाडून. गाड्या आधीच हलवून ठेवा. गॅसची टाकी बर्नरपासून किमान दोन फूट दूर, नळी जितकी पुरेल तितकी लांब, आणि वारा टाकीकडून बर्नरकडे वाहील अशी ठेवावी, म्हणजे उष्णता टाकीवर जात नाही. नळीच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते जाळ पेटवण्यापूर्वी पाहावे. घरचा सिलिंडर बदलल्यावर आपण पाहतो तसेच. पाऊस किंवा बर्फ पडत असेल, अगदी भुरभुर असेल, तरी तळायचे नाही. हा निर्णय बुधवारी संध्याकाळी हवामान पाहून करा, गुरुवारी दुपारी पाहुण्यांसमोर नको.

तेल शेंगदाण्याचे घ्यावे, ते पटकन धुरावत नाही. मात्र पाहुण्यांपैकी कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे आधी एकेकाला विचारा. असेल तर कॅनोलासारखे दुसरे उच्च तापमान सोसणारे तेल घ्या. आता कणकेची गोळी टाकून तेल तापल्याचे ओळखणे येथे चालणार नाही. कढईत तेल जास्त तापले तर आपण गॅस कमी करतो आणि दोन मिनिटांत ते ठिकाणावर येते. चार गॅलन तेलाला एवढी उष्णता धरून ठेवता येते की जाळ कमी केल्यावरही ते बराच वेळ तापत राहते, आणि बहुतेक गॅसच्या बर्नरना तापमान पाहून स्वतः थांबण्याची यंत्रणा नसते. म्हणून पातेल्याच्या कडेला अडकवायचा लांब दांड्याचा थर्मामीटर हवा, आणि मांसात खुपसायचा दुसरा वेगळा. दोन्ही आदल्या दिवशी उकळत्या पाण्यात धरून २१२ अंश दाखवतात का ते तपासा. तेल ३५० अंशांना न्यायचे. त्याला अर्धा-पाऊण तास लागू शकतो आणि त्या वेळात एक जाणता माणूस पातेल्यापाशी उभा असलाच पाहिजे. काही बर्नरना दर पंधरा मिनिटांनी दाबावी लागणारी कळ असते, न दाबल्यास ते विझतात. ती कळ माणसाने जागा सोडू नये म्हणूनच बसवलेली असते. तिला चिकटपट्टी लावून ठेवणाऱ्यांपैकी तुमचे जावई नसतील अशी मला खात्री आहे, पण विचारून घ्या. तेलातून धूर निघू लागला तर वाट न पाहता गॅस बंद करायचा.

आणि आता ती एक गोष्ट, जी अनुभवी माणसेही विसरतात. टर्की तेलात सोडण्याच्या आधी बर्नर विझवावा. पूर्णपणे, कॉक फिरवून. तेल ३५० अंशांना आहेच, ते लगेच निवत नाही. बर्नर विझलेला असताना टर्की हळूहळू, मिनिट-दीड मिनिट लावून, इंचाइंचाने उतरवायची. तेल फार उसळू लागले तर थोडी वर घ्यायची, थांबायचे, पुन्हा उतरवायची. सगळी टर्की बुडाली आणि उसळी शमली की मग बर्नर पुन्हा पेटवायचा. काही चुकले आणि तेल काठावरून आलेच, तर खाली त्याला पेटवायला ज्योत नसते. मी सांगितलेल्या त्या ड्राइव्हवेवर एवढे एकच केले असते, तर बर्फ असूनही नुसते तेल सांडले असते. टर्की बाहेर काढतानाही आधी बर्नर विझवावा.

उतरवणारी माणसे दोन असावीत, दोघांच्या हातांत कोपरापर्यंतचे जाड मोजे, पायांत बंद बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, आणि शक्य तर डोळ्यांना चष्मा. तुम्ही तेथे उभ्या राहणार असाल तर साडीचा पदर किंवा ओढणी नको. गॅस बंद होऊन टर्की बाहेर येईपर्यंत त्या दोघांनी बिअर किंवा वाइनला हात लावू नये, हे लेकीने आपल्या नवऱ्याला सांगावे. तिच्या तोंडून ते अधिक सोपे जाईल. मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना घरात ठेवा. मुलांना पाहायचेच असेल तर खिडकीतून दाखवा, कोणी तरी त्यांच्याजवळ बसा.

वेळ पौंडाला साधारण साडेतीन मिनिटे धरावी, म्हणजे दहा पौंडांना पस्तीस मिनिटे. पण घड्याळावर विसंबू नका. बाहेर काढून टर्की हुकावरच ताटावर धरून निथळू द्या आणि छातीच्या सर्वांत जाड भागात, मांडीच्या आतल्या बाजूस व पंखाच्या आतल्या बाजूस थर्मामीटर खुपसून पाहा, टोक हाडाला लागू देऊ नका. सगळीकडे १६५ अंश फॅरनहाइट असले पाहिजे. एका ठिकाणी जरी कमी असेल तर पुन्हा बर्नर बंद ठेवूनच तेलात सोडा. ओव्हनमधल्या टर्कीलाही हेच माप लागू आहे. कापण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे थांबा. जेवण झाल्यावर उरलेले मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे.

इतके करूनही आग लागलीच तर पाणी मारायचे नाही, बागेचा पाइप तर मुळीच नाही, आणि पातेले उचलायला किंवा ढकलायला जायचे नाही. हात सुरक्षितपणे पोहोचत असेल तर टाकीचा कॉक बंद करायचा, सर्वांनी मागे सरायचे आणि ९११ ला फोन करायचा. तेलाच्या आगीला चालणारे अग्निशामक नळकांडे जवळ असावे, आणि ते कसे वापरायचे हे आदल्या दिवशी त्यावरचा मजकूर वाचून ठेवावे. फवारा जवळून थेट तेलात मारला तर पेटते तेलच उडते. कोणाला भाजले तर भाजलेला भाग नळाच्या साध्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरायचा, अंगठी-बांगडी सूज येण्याआधी काढायची. बर्फ, हळद, टूथपेस्ट, बटाट्याचा कीस यांतले काहीही लावू नका. आपल्या घरांत प्रेमाने हे सुचवणारे कोणी ना कोणी असतेच. भाजणे मोठे असेल, किंवा चेहऱ्यावर अथवा हातांवर असेल, तर वाट न पाहता मदत बोलवावी.

राहता राहिला जावयांशी बोलण्याचा प्रश्न, आणि तुमच्या पत्रातली खरी अडचण तीच आहे असे मला वाटते. आपल्याकडे दिवाळसणाला आलेल्या जावयाचा शब्द सहसा खाली पडू देत नाहीत, आणि तुमच्या यजमानांच्या मनात तेच आहे. पण जावयांना तुमच्या घरात काही करून दाखवायचे आहे, म्हणजे ते तुमच्या घराला आपले मानतात; आपल्या घरात मोकळेपणाने बोलता येते. आजच त्यांना फोन करा. नकाराने सुरुवात करू नका, प्रश्न विचारा: तेल किती घालायचे हे तुम्ही कसे ठरवता? टर्की सोडताना बर्नर चालू ठेवता की बंद करता? पातेले किती क्वार्टांचे (चार क्वार्टांचा एक गॅलन) आहे? ज्याने हे काम खरोखर केले आहे तो या प्रश्नांनी खूश होतो आणि भरभरून सांगतो. आणि ज्याने ते वडिलांना किंवा काकांना करताना फक्त पाहिले आहे, तो दुसऱ्या प्रश्नालाच अडखळतो. मग तुम्हाला कळेल की सोबत अनुभवी माणूस हवा की नको. त्यानंतर तळणे सर्वस्वी त्यांच्या हाती सोपवा, मधेच जाऊन सूचना देऊ नका. पण जागा, हवामान आणि टर्कीचा आकार हे तुमच्या घराचे निर्णय आहेत, आणि ते तुम्ही त्यांना सासूबाईंच्या अधिकाराने सांगा. तुमचे घर टाउनहाउस असेल किंवा सोसायटीसारखी घरमालकांची संघटना असेल, तर उघड्या जाळाविषयी तिचे नियम काय आहेत तेही याच आठवड्यात विचारून घ्या.

तेल निवायला तुम्हाला वाटते त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो. जेवणाच्या गडबडीत, अंधार पडल्यावर, "आवरून टाकू" म्हणून ते पातेले कोणीही हलवू नये. त्यावर झाकण ठेवून ते जागच्या जागी रात्रभर राहू द्यावे आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नये. शुक्रवारी सकाळी थर्मामीटर बुडवून तेल पूर्ण गार झाल्याची खात्री करून, मग कापडातून गाळून मूळ बाटल्यांत भरा. ते सिंकमध्ये किंवा अंगणात ओतू नका. पुन्हा वापरायचे नसेल तर तुमच्या काउंटीत वापरलेले तेल कोठे घेतात ते विचारून तेथे पोहोचवा. आणि बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत "टर्कीचे तेल" असे लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या महिन्यात तुमच्याकडे जेवायला येणाऱ्या शाकाहारी मंडळींच्या पुऱ्या त्यात तळल्या जाणार नाहीत.